मुंजोबापुढं लेकरू कोण धरील

ये, इकडं जवळ बस, उंबऱ्यात काय टेकली पाहुण्यासारखी. दिवाळीत येते म्हणाली होतीस, आता होळी आली, आणि आली ती काय, तर मावशी तुझी गोष्ट लिहून घ्यायची म्हणून. मावशीची तब्येत नाही विचारली गं. बरं, चहा घे आधी, मी बोलते, तू लिही.

माझं माहेर एरंडोलच्या बाजूला. आजानं बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून आमचं घर ख्रिस्ती. बाप मिशनच्या देवळात घंटा वाजवायचा, शाळा नाही शिकला, पण बोलायचा असं की लक्षात राहायचं. मला म्हणायचा, बेटी, हात जोडशी तं मनथाईन जोडजो, लोकेसकरता नको. म्हणजे मनापासून जोड, लोकांना दाखवायला नको. तेव्हा काय कळत होतं मला, हसायची मी.

लग्न होऊन यावलकडं आले, केळीच्या मळ्यात. बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीची गोष्ट ही. आमचे हे मळ्यात पाणी द्यायला आणि मी बायांच्या टोळीत घड वाहायला. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घड, आणि तो केळीचा चीक लुगड्याला लागला की जन्मात निघत नाही, नवं लुगडं काय नि जुनं काय, आम्ही सगळ्या बठ्ठ्या सारख्याच डागाच्या. मुकादमीण होती सोनक्का. आवाज असा की मळ्याच्या त्या टोकाला बैल थांबायचे.

तर काय सांगू तुला, टोळीत ख्रिस्ती मी एकटी. दुपारी फडक्यातली कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी सोडली की मी डोळे मिटायची, ओठ हलवायची. ते पाहून बायांचं कुजबुजणं सुरू झालं, ही आपल्या भाकरीवर काही मंतर घालते. माझ्या शेजारी कोणी बसेना. शेवटी सोनक्का म्हणाली, रुते, काय पुटपुटते व माय, मोठ्यानं बोल, आमाले बी ऐकू दे. मी घाबरत घाबरत मोठ्यानं केली प्रार्थना, भाकरीसाठी उपकार मानले आणि सुचलं ते बोलत गेले, सोनक्काची कंबर बरी होऊ दे, मालकाच्या आजारी म्हशीला उतार पडू दे. म्हशीचं नाव निघालं आणि बाया इतक्या हसल्या की एकीच्या नाकात ठेचा गेला. पण दुसऱ्या दिवशी एक म्हणते, माह्या जावयाचं बी घाल. मग रोजचंच झालं, माझी प्रार्थना झाल्याशिवाय कोणी घास मोडायचं नाही.

आणि तिथंच माझी पंचाईत झाली बघ. रागानं कोणी काही म्हटलं तर माणूस उलट बोलतं, मायेनं म्हटलं तर काय बोलावं. नव्या बागेची पहिली कटाई आली. मळ्यात पिंपळाखाली मुंजोबा, पहिल्या कटाईला सगळ्या टोळीनं तिथं पाया पडायचं, नारळ फोडायचा, मगच कोयता लावायचा. एक जरी राहिली तर घड मोडतात, साप निघतो, असं मानायचे. सोनक्का म्हणाली, आम्ही तुह्या देवासाठी रोज भाकर धरून बसतो, तू एक दिस आमच्या देवाले हात जोड, तुह्यं काय जाईन. घरी आमच्या ह्यांनी पण तेच म्हटलं, हात जोड नि मनात येशूचं नाव घे, आत कोण पाहायला येतं. पण बापाचं बोलणं काही डोक्यातून जाईना. मी सोनक्काला म्हटलं, अक्का, खोटे हात जोडले तर तुमच्याही देवाला फसवल्यासारखं होईल, मला नाही जमायचं.

ती चुंबळ उचलून चालू लागली. दुपारी मी डोळे मिटले आणि उघडले तर सगळ्यांची अर्धी भाकर संपलेली. काम जाईल ही भीती होतीच, पण त्या अर्ध्या भाकरीनं जास्त रडवलं मला.

कटाईच्या दिवशी तरी गेले. नाही गेले असते तर टोळी सोडली असाच अर्थ झाला असता. चुंबळ हातात धरून बाजूला उभी राहिले. बाया रांगेनं उभ्या, सोनक्काच्या एका हातात नारळ आणि कडेवर नात, ती पोरगी शेंडी धरून नारळ ओढतेय, सोडेचना. सोनक्कानं इकडं पाहिलं, म्हणाली, रुते, उभी काय हाये, धर इले, मले दोन्ही हात लागता. मी घेतली. मग दुसरीनं दिलं, तिसरीनं दिलं, एक कडेवर, एक खांद्यावर, एक लुगड्याला लोंबकळलेलं, आणि तिन्ही रडतात. मागून एक बाई म्हणालीच, हिनं काही हात जोडले नाही. सोनक्का वळलीसुद्धा नाही, नारळ फोडता फोडता म्हणाली, तिचे हात रिकामे कुठं हाये.

दुपारी सोनक्कानं भाकरीचं फडकं सोडलं आणि घास न मोडता तशीच बसून राहिली. म्हणते, आटप व लवकर, भूक लागली.

तेव्हापासून दर कटाईला लेकरं धरायचं काम माझं. टोळी होती तोवर कोणी मला पाया पड म्हटलं नाही, आणि दुसरीनं लेकरं धरायची ठरवली तर मलाच राग यायचा.

सोनक्का गेली. तिची ती नात आता स्वतः आजी झाली, नाताळला येते करंज्या खायला आणि आल्या आल्या म्हणते, मोठ्यानं कर बरं प्रार्थना. देव तिचं भलं करो. माझे हात आता थरथरतात, उभ्यानं लेकरू धरवत नाही. पण बसून धरता येतं गं. तुझं बाळ अजून दाखवलं नाहीस मला. पुढल्या रविवारी घेऊन ये, मांडीवर दे माझ्या, आणि तू दोन्ही हात मोकळे करून निवांत जेव.