तापाच्या दिवशीचं अक्षर

(पेंटरचं दुकान. मागची अख्खी भिंत काळ्या अक्षरांनी भरलेली.)

आई: कचऱ्यात! बापाच्या हातचे ब्रश, आणि ते कचऱ्याच्या डब्यात, केळ्याच्या सालींखाली! एकेक वेचून काढला मी. कंबर धरली माझी. आणि ही महाराणी वर खोलीत कडी लावून बसलीय. चहा नेला तर म्हणे, दारात ठेव. मी काय हॉटेलातला पोऱ्या आहे?

धाकटा: आई, हळू. ऐकू जाईल ताईला.

आई: जाऊ दे की. त्यासाठीच तर घसा फोडतेय. परवापर्यंत कशी छान होती. संध्याकाळ झाली की ब्रश घेऊन या भिंतीशी उभी. रोज एक अक्षर. हे गेल्यापासून नुसती भिंतीकडे तोंड करून पडलेली पोर, धड घास गिळत नव्हती, ती या अक्षरांपायी उठून चालायला लागली. म्हणायची, बाबांच्या वळणाची नाहीत, ही माझी स्वतःची आहेत. मग कालपासून काय शिरलं अंगात?

धाकटा: काल थिएटरवर गेली होती ती.

आई: कुठल्या?

धाकटा: त्याच. बाबा पडले त्या.

आई: मला न सांगता?

धाकटा: सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं असतंस?

आई: तंगडी मोडून हातात दिली असती. पुढे बोल.

धाकटा: मॅनेजरला म्हणाली, परांची पुन्हा बांधा. बाबांनी थिएटरचं अर्धं नाव लिहिलंय, उरलेलं मी पुरं करते. माझ्या अक्षरात.

आई: त्या परांचीवर पुन्हा चढणार होती? दोर तुटला तेव्हा तीही वरच होती. बापाच्या मागोमाग खाली आली. हाताचा चुरा झाला, तरी हौस फिटली नाही?

धाकटा: ती भिंत पुरी करायची एवढंच तिच्या डोक्यात होतं, आई. मॅनेजर भला माणूस. म्हणाला, आधी इथं खाली लिहून दाखव. तिकीट खिडकीच्या काचेवर, एकच अक्षर. रांगेत माणसं उभी. आणि हात असा थरथरला तिचा... काचेवर गांडूळ फिरल्यासारखी रेघ गेली. मॅनेजरनं ब्रश तिच्या हातातून काढून घेतला.

आई: मग?

धाकटा: मग काय? छापील बोर्ड येतोय तिथं. सकाळी बाबांची अक्षरं खरवडून काढली. मी बघून आलो.

आई: ह्यांची अक्षरं खरवडली.

धाकटा: हो.

आई: पाणी दे जरा... नको, राहू दे. मला एक सांग. हात थरथरला कसा? इथं तर थरथरत नव्हता. हे बघ. हे अक्षर बघ, कसं भरलेलं, गोल. मी कुणाला चांगलं म्हणत नाही, ह्यांनाही कधी म्हटलं नाही, पण परवा याच्यापुढे उभी राहून म्हणाले तिला, बरं जमलंय.

धाकटा: ते तिचं नाही.

आई: मग काय भुतानं काढलं?

धाकटा: मी.

आई: काय मी?

धाकटा: ती लिहून वर गेली की मी टर्पेंटाइनचा बोळा घ्यायचो. रंग ओला असायचा. कडा पुसायच्या, बारीक ब्रशनं वळण सरळ करायचं. एका बापाकडे शिकलो आम्ही. तिचा हात मला पाठ आहे. तिला कळायचं नाही.

आई: अरे गाढवा.

धाकटा: पहिल्यांदा नुसता एक ओघळ पुसला होता, आई. तो ओघळ बघून रडत वर गेली होती ती. सकाळी खाली आली, भिंतीकडे बघितलं आणि हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. मग दुसऱ्या दिवशी कसा थांबणार होतो मी? थांबलो असतो तर ती म्हणाली असती, बघ, हात पुन्हा बिघडला.

आई: रोज?

धाकटा: रोज.

आई: आणि मी इथंच गल्ल्यावर... थांब. दारात कोण आहे? ये आत. चोरासारखी उभी राहून ऐकू नकोस.

ताई: ऐकलं सगळं.

धाकटा: ताई, मी सांगणारच होतो.

ताई: कधी?

धाकटा: सरळ अक्षरं बघून तू बरी होशील असं वाटलं मला.

ताई: झालेच की. काल दुपारपर्यंत.

आई: हे बघ, त्यानं मुद्दाम...

ताई: तू मध्ये पडू नकोस, आई. तू जन्मात पहिल्यांदा म्हणालीस, बरं जमलंय. ते ऐकून रात्रभर जागी होते मी. ते ऐकूनच गेले थिएटरवर. आणि ते होतं याचं.

आई: मला काय ठाऊक? मला मेलीला वाचताही धड येत नाही.

ताई: डोळे तर होते.

आई: होते. होते गं.

धाकटा: मी पुसून टाकतो सगळी. आत्ता. घासून काढतो.

ताई: राहू दे. छान आहेत. बाबा म्हणायचेच, धाकट्याचा हात चांगला आहे.

धाकटा: असं बोलू नकोस ना. शिव्या दे हवं तर.

ताई: शिव्या कशाला देऊ? तुला वाटलं, मला सरळ अक्षर हवंय. अरे, मी लिहायला लागले ना, की तो दोर तुटल्याचा आवाज येत नाही. तेवढा वेळच येत नाही. बाकी दिवसभर येतो. भांडं पडलं तरी येतो. तेवढ्यासाठी उठत होते मी. वाकडं आलं असतं तरी उद्या पुन्हा आले असते.

धाकटा: रडली होतीस तू त्या ओघळापायी.

ताई: मग रडू द्यायचं होतंस. हात बरा झाला नाही हे माहीत असतं तर मी काल गेलेच नसते. थांबले असते. वर्ष, दोन वर्षं. ती भिंत कुठं पळून जात होती? बाबांनी लिहिलेलं अर्धं नाव तिथंच राहिलं असतं. मॅनेजरला कसली घाई नव्हती. मीच जाऊन आठवण करून दिली त्याला.

आई: बस खाली. उभ्यानं चक्कर येईल.

ताई: यातली माझी कुठली आहेत?

धाकटा: ताई...

ताई: एक तरी आहे का?

धाकटा: एक आहे. खालच्या ओळीत, स्विचच्या खाली. मला ताप होता त्या दिवशी, दुकानात उतरलोच नाही. दुसऱ्या दिवशी आलो तोवर वाळून गेलं होतं.

आई: ते? अगंबाई. ते बघून तर मी म्हटलं होतं, झोपेत काढलंस का गं.

ताई: म्हणाली होतीस. मलाही वाटलं, त्या दिवशी काहीतरी बिनसलं. खरं तर तेवढ्या एकाच दिवशी काही बिनसलं नव्हतं.

धाकटा: मी चुकलो, ताई.

ताई: हो.

धाकटा: काय करू सांग.

ताई: काही करू नकोस. तू काही करू नकोस, एवढंच कर.

आई: माझा चष्मा कुठंय? सरक रे, उजेड अडवू नकोस. आणि ते स्टूल दे, मला वाकवत नाही.

ताई: काय करतेयस?

आई: बघतेय. स्विचखालच्या या अक्षराचं पोट सुटलंय एका अंगाला. रेघ खाली येता येता दोनदा अडखळलीय. इथं रंग जास्त, इथं कोरडा.

ताई: आई, पुरे.

आई: पुरे कसं? या घरात कुणी खरं बोललं नाही तुझ्याशी. यानं लबाडीनं खरं लपवलं, मी न बघता बोलले. आता बघून बोलतेय तर ऐकून घे. वाईट आहे.

ताई: माहितेय.

आई: ती भिंत गेली. ती काही आता यायची नाही, मी गोड बोलून आणून देणार नाही. आणि उद्याचं अक्षरही वाईटच येणार आहे, बये. ये. मी इथं स्टुलावर बसते, आणि कसं आलंय ते रोज बघून तुला सांगते.