तांब्याभर पाणी

…न्हाय न्हाय, सिद्धप्पा, नीट कर म्हनत न्हाय मी, बाद कर म्हनतीया. ऐकून तर घे की आदी. मोटारसायकलची टाकी हाय, सोन्याचा डाग न्हाय. आतनं गंजली, गंजाचं औषध लावलं, ते बी सुटलं, आता हिच्यात दम न्हाय — एवढंच फोनवर सांग आमच्या ह्यांना. तुझा शब्द मानतेत ते. गॅरेजवाल्यांत तू एकटाच चांगला, बाकीचे समदे हातोडीवाले, असं म्हनतेत. टाकी दुसऱ्याच्या हातात आज पैल्यांदा दिली त्यांनी. कुंभारीवरनं रिक्षात मांडीवर घिऊन आले मी, लेकरावानी. पेट्रोलचा वास एवढा, शेजारची बाई नाकाला पदर लावून बसली.

बघ, बॅटरी लावून बघ. दिसलं न्हवं? कांद्याच्या पापुद्र्यागत सुटलंय समदं. ते खाली नळीत जाऊन बसतंय, मग गाडी खोकती आन बंद पडती. मला कसं ठाव म्हंजी? जलमभर फिटरची बायको हाय मी. गिरणीत धोंडिराम फिटर म्हनलं की सायेब उठून उभा ऱ्हायचा — बरं, उभा न्हाय ऱ्हायचा, पर हाक तर अदबीनं मारायचा. गिरणी बंद पडली, पर ह्यांचा हात न्हाय बंद पडला. कुनाचा पंखा, कुनाची शिलाई मशीन, कुनाचा कुकर, समदी वसाहत आमच्या वट्यावर. मी वैतागायचे. म्हनायचे, घर हाय का भंगाराचं दुकान? आता वटा रिकामा हाय. कुनी आलं की म्हनतेत, 'माझ्याकडं नगं आनू, माझा हात गेला.' परवा आमची काव्या, नात माझी, सायकलची चेन पडली म्हनून आली. पडलेली चेन रं! आंधळा बी बशिवतो. तर हे तिला म्हनले, दुकानात ने. पोरगी माझ्याकडं बघाया लागली. मी भाकरी थापत हुते, तशीच थापत बसले.

दिसभर त्या औषधाचा रिकामा डबा घिऊन बसतेत. दोन डबे असत्यात न्हवं, एक जाड आन एक पातळ, मापानं मिसळायचं? तर त्याच्यावरचं बारीक अक्षर भिंगानं वाचत्यात. परत परत वाचत्यात. 'मापच चुकलं गं माझं, मला दिसलंच न्हाय.' जेवताना बी तेच. आता ह्या वयात मानसाला असं —

काय? औषध ओलं असताना पानी लागलंय? ह्या उनाळ्यात कुटला पाऊस, बाबा? झाकन? झाकन घट हाय की. आन तांब्याभर पान्यानं एवढं सुटतंय व्हय?

…तांब्या म्हनले व्हय मी?

असं बघू नगं. पाना ठेव खाली. ठेव की. सांगती.

त्यांच्या डोळ्यात काचबिंदू हाय. समोरचं दिसतंय, बाजूचं दिसत न्हाय. गाडीला हात लावू नगा म्हनला डाक्टर. ह्यांनी डाक्टरापुढं मान हालवली आन भायेर येऊन किक मारली. मागं मीच बसलेली. वळसंगच्या अलीकडं कडंनं शेळी आली, मला दिसली, ह्यांना शेवटच्या घडीला दिसली. वाचली शेळी. पर शेळीमागं बाई हुती रं, कडंवर लेकरू. तिचा पदर हँडलला घासून गेला. ह्यांनी बघितलीच न्हाय ती. घरी येऊन म्हनतेत, 'शेळी कशी चुकवली बघ!' मी पानी दिलं प्यायला.

सांगून बघितलं की. भांडून बघितलं. पुन्याहनं संघपाल म्हनला, आई, किल्ली लपीव. लपिवली, तर तारा जोडून चालू केली. फिटर पडला न्हवं! मग टाकीतच पानी वतलं मी. गाडी दारात बंद पडली. मला वाटलं, सुटले. कुटलं काय, ह्यांनी टाकी उतरवली, आतला गंज बघितला आन खूश! नटबोल्ट घालून हालवली, ॲसिडनं धुतली, औषध मिसळून आतनं फिरवलं, स्लॅबवर वाळत घातली. टाकीच्या तोंडाला फडकं बांधलं. खाली आले ते गुनगुनत आले. गिरणीतनं यायचे तसे. जेवून निजले, आन मी तांब्या घिऊन वर गेले. ओल्या औषधात वतलं, हालवलं, स्लॅबवरच पालथी केली. पानी तवाच वाळलं. फडकं हुतं तसं बांधलं. गाठ सुदिक त्यांच्यावानी मारली.

मला वाटलं, औषध बिघडंल. मानूस बिघडंल असं न्हाय वाटलं, सिद्धप्पा. लई वंगाळ केलं मी.

आता तूच सांग. टाकी बाद म्हनलं तर हात गेला हे खरं ठरतंय. डबाच खराब हुता म्हनलं तर उद्या नवा डबा आनतील, परवा किक मारतील. म्हनून तर तुझ्याकडं आले — तू बाद म्हन, वाईट तू हो, मी जाती गुमान —

फोन वाजतोय तुझा. कुनाचा? …त्येंचाच. नगं, उचलू नगं. …उचल. सांग, बाद — न्हाय, थांब. दे. दे हिकडं.

हॅलो. आवं, मीच हाय. …बघितली त्यानं. …न्हाय ओ, माप न्हाय चुकलं तुमचं. ऐका. तुमी दुपारचं निजला हुता, तवा ओल्या औषधात पानी मी वतलं. …व्हय, मी. …शुद्धीवरच हाय. …आदुगरचं बी मीच. …का म्हंजी? कुनाला तरी माराल म्हनून. न्हायतर मराल म्हनून.

…हॅलो? …आवं, बोला की. शिव्या तरी द्या.

…काय? …व्हय. बराबर मिसळलं हुतं. …थांबा, इचारती. सिद्धप्पा, जिथं पानी लागलं न्हाय तिथलं निघतंय का रं? …न्हाय म्हनतोय. नखानं बी निघंना म्हनतोय. …व्हय. …व्हय, समदं बराबर हुतं. …बरं. …बरं.

ठेवला.

रडत हुते का हासत हुते, कळलं न्हाय बाबा. म्हनले, सिद्धप्पाला हात लावू दिऊ नगं, घिऊन ये, माझं मी करतो.

काय? गाडी चालवनार का म्हनतूस?

…इचारायचं ऱ्हायलं.

न्हाय. ऱ्हायलं न्हाय. इचारलं न्हाय मी. दे ती टाकी हिकडं, जाती.