वडवणीहून पाटोद्याला

ग्रुपवर कुणी वाचत न्हाई म्हणता? आमच्या ग्रुपवर एकदा टाकून बघा. व्हॉट्सॲपवर लिहिणाऱ्यांचा ग्रुप हाय आमचा, सगळे बीड जिल्ह्यातले. मी लई जीव ओतून एक गोष्ट टाकली. शेवट असा, की नायिका रागारागानं वडवणीच्या स्टँडवर येती, पाटोद्याच्या गाडीत बसती अन् नायकाला कायमची सोडून जाती. मला वाटलं, आता लोक रडतेत.

पहिला मेसेज आला ग्रुपच्या ॲडमिनचा, म्हणजे किराणा दुकानवाल्या अप्पांचा. "वडवणीहून पाटोद्याला थेट गाडी कुठली बे? बीडला बदलावी लागती."

मी म्हणलं, "अप्पा, पोरगी रडतीय, ते बघा की."

"रडू दे ना. पण बीडला उतरून रडंल."

झालं! सगळा ग्रुप गाडीवरच भांडत बसला. विरहाचं कुणाला कायबी न्हाई.

मग चिडून मी शेवटच बदलला. पोरीला बीडला उतरवलं. रात झाली तरी पुढची गाडी येईना. बाकड्यावर बसल्या बसल्या तिचा राग गेला, अन् ती वडवणीला माघारी निघाली. खरं सांगतो, गोष्ट पहिल्यापेक्षा झ्याक झाली. ग्रुपवर नुसत्या टाळ्या.

अप्पांचा मात्र फोन आला. "गोष्ट जमली बरं का. पण त्या टायमाला वडवणीची शेवटची गाडी गेलेली असती. एकट्या पोरीला कशाला बसवून ठिवतूस? त्या पोराला मोटारसायकल घेऊन बीडला पाठव."