इराला मारलेली हाक

मी मूळची मिरजेची हो, वडील तंबोऱ्यांना तारा चढवायचे, लग्न झालं आणि ह्यांच्या नोकरीपायी ड्रेस्डेनला आले, हे कम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात इंजिनिअर आणि मी विद्यापीठाच्या मेन्झात, कँटीनच ते, पोरांना जेवण वाढायला, वीस वर्षं होतील, अजून वाढतेच आहे.

आमची इरा इथलीच. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. अकराव्या वर्षी रक्ताच्या आजारानं गेली. त्यानंतर घरात तिचं नाव कुणी घेतलं नाही, ठरवलं नव्हतं काही, पण हे घेईनात म्हणून मी घेईना, मी घेईना म्हणून हे घेईनात, अशी सहा वर्षं गेली बघा.

आल्झो, म्हणजे तर, मिन्होचं सांगायचं होतं. कोरियाचा, चाळिशीचा विद्यार्थी, मेन्झात रोज माझ्याकडून सूप घ्यायचा नि अर्धं टाकायचा. एकदा मी रागावले, तर म्हणाला, माझी आईपण अशीच ओरडायची. मग कळलं, तिकडं नावाजलेला कादंबरीकार होता तो. पहिली कादंबरी लिहायला दूर डोंगरात जाऊन बसला आणि घरी आई गेली, निरोप उशिरा पोचला. पुढच्या दोन्ही कादंबऱ्या आईवरच. लोकांनी वाखाणल्या, आणि ह्यानं लिहिणंच सोडलं. का रे बाबा, म्हटलं. आमचं दोघांचंही जर्मन मोडकंच, त्यातच तो म्हणाला, पानावर आई बोलते, पण तिचा आवाज येत नाही. म्हणून ह्या वयात इथं येऊन सिनेमा शिकला.

पहिला सिनेमा काढला आमच्याच मागच्या गल्लीतल्या एका रिकाम्या घरात, आणि आईचं काम मला दिलं. काम कसलं, ताट वाढायचं आणि आतल्या खोलीकडं बघून मुलाला हाक मारायची, तुझ्या भाषेत मार म्हणाला. मी भात वाढला, आमटी वाढली, वाफ निघत होती, काय सांगू तुम्हाला, आतलं दार अर्धं उघडं होतं, आणि माझ्या तोंडून गेलं, इरा, ये गं, निवतंय. आणि मी वाट बघत उभी राहिले. खरंच वाट बघत होते हो. कॅमेरा चालूच.

नंतर मिन्होला म्हटलं, ते काढून टाक, तिच्या बाबांना सोसायचं नाही. अख्खा सिनेमा त्या एका हाकेवर उभा होता त्याचा, तरी म्हणाला, काढतो, हाक तुझी आहे. घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं, नाव घेऊन सांगितलं. हे खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, राहू दे.

राहिली. सिनेमा गाजला. मिन्हो आता तिकडं कोरियात दुसरा काढतोय, मधूनच फोन करून आज काय शिजवलंस विचारतो, देव त्याचं भलं करो. इथल्या छोट्या थिएटरला तो सिनेमा अजून लागतो कधीमधी, रविवारी दुपारी, आणि हे मला न विचारता दोन तिकिटं काढून आणतात. मागच्या रांगेत बसतो आम्ही. पडद्यावरून मी हाक मारते, आणि हे माझ्याकडं न बघता, अगदी हळू म्हणतात, आली, आली.