मोडक्या खेळातले बळीरामभाऊ

सन्माननीय अध्यक्ष आणि आमच्या लूम कारखान्याचे मालक मगनशेठ, मंचावर विराजमान झालेले मंडळाचे पदाधिकारी, ज्यांना आज आपण निरोप देतो आहोत ते बळीरामभाऊ, त्यांच्या शेजारी पदर सावरून बसलेल्या धुरपदावहिनी, आणि जेवणाचा वास आल्यापासून घड्याळाकडे पाहणाऱ्या डिंडोली-गोडादऱ्याच्या बंधुभगिनींनो,

माझ्याआधीच्या वक्त्यांनी भाऊंची इतकी स्तुती केली की भाऊ वारले की काय, अशी मला शंका आली. मग त्यांनी हसत हसत एक दुर्गुणही सांगितला. भाऊ या वयात मोबाईलवर खेळतात, तोही कुणी ढुंकून न पाहणारा जुनाट खेळ. सभागृह खदखदा हसलं. मी त्यांच्याच कारखान्यात धाग्याच्या बॉबिन भरणारी उज्ज्वला, आणि त्याच खेळातल्या त्यांच्या पाचजणांच्या टोळीतली. तेव्हा उत्तर देणं मला भाग आहे.

खेळ मोडका आहे, कबूल. समोर घोडा उभा आहे की गोणी पडली आहे, ते कळत नाही. पाच-पाच जणांच्या टोळीने एकमेकांचा किल्ला घ्यायचा, एवढीच त्याची अक्कल. बनवणाऱ्यांनीही त्यात नवं काही घालणं सोडून दिलंय. मग आम्ही पाचजण दर सुट्टीच्या दुपारी तिथे काय दिवे लावतो?

लूमचे माग चालू असताना कारखान्यात कुणाचा शब्द कुणाला ऐकू जात नाही. म्हणून आपण हातांनी बोलतो. पोटावरून हात फिरवला की शेठ आले. माफ करा मगनशेठ, आज फुटलं. आणि उजवा हात सरळ वर म्हणजे धागा तुटलाय, हातातलं सोडून इकडे या. भाऊंचे कान त्याच खडखडाटाने गेले. एवढं कापडाचं शहर, पण त्यांच्या कानात घालायला कापसाचा बोळा कुणाला सुचला नाही.

त्या खेळातल्या सैनिकालाही हात वर करता येतो. भाऊंनी पहिल्याच दिवशी तो वर केला आणि आम्ही चौघं धावलो. समोरच्या टोळीला वाटलं, हा शरण आला. ते छाती काढून पुढे आले आणि मार खाऊन गेले. अजूनही नवे लोक असेच फसतात. शहाण्यांना हात वर केलेला माणूस हरलेलाच वाटतो.

मग आमच्यातल्या ललितला अक्कल सुचली. ललित, मान खाली घालू नकोस, लोकांना दिसू दे. त्याने आम्हाला नव्या चकचकीत खेळात नेलं. तिथला सगळा कारभार माइकवर. सगळे बोलणार, ऐकणार कुणी नाही. अगदी आपल्या मंडळाच्या सभेसारखं. भाऊंना कोण काय म्हणतंय कळेना. ते भलतीकडे गेले, आम्ही हरलो, आणि हा पठ्ठ्या सगळ्यांदेखत ओरडला, "काका, सुनाई नहीं देता क्या?"

तेवढं मात्र भाऊंना नीट ऐकू आलं. "तुम्ही खेळा," म्हणाले, आणि गेले.

चहाच्या टपरीवरच्या गप्पा कळत नाहीत म्हणून तिथे येणं त्यांनी आधीच सोडलं होतं. वहिनी मला म्हणाल्या होत्या, "मी घरमा वरडी वरडी थकी जास, त्यासले ऐकू येत नही. तुम्हना हात मातर त्यासले बरा दिसस." ज्यांच्यावर जग ओरडतं, त्यांच्यावर न ओरडणारी एवढी एकच जागा उरली होती. तीही गेली, याचा मला अजून राग येतो.

पुढे एका दुपारी ललित सहज जुन्या खेळात डोकावला. किल्ल्याच्या दारात भाऊ एकटेच उभे होते, उजवा हात वर करून. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. ललितने मला आणि उरलेल्या दोघांना फोन करून ते सांगितलं. मी तव्यावरची भाकरी तशीच सोडून मोबाईल उघडला. थोड्या वेळात पाचही जण दारात होतो.

लोक विचारतात, त्या मेलेल्या खेळात काय ठेवलंय? हे ठेवलंय. हात वर केला की चार माणसं येतात. तुमच्या जिवंत मंडळात किती येतात, ते एकदा हात वर करून पाहा.

भाऊ उद्या पारोळ्याकडे आपल्या गावी जाताहेत. तिथे शेताच्या बांधावर रेंज येते, हे ललित स्वतः जाऊन पाहून आलाय. तेव्हा निरोप तुमचा आहे, आमचा नाही.

आयोजकांनी मला बोलू दिलं, हे त्यांचं धाडस, आभारी आहे. कुणाला काही लागलं असेल तर पोटात घाला. मगनशेठ, तुमच्याकडे जागाही आहे. भाऊंची मात्र माफी मागत नाही, कारण यातलं अक्षर त्यांना ऐकू आलेलं नाही. म्हणून शेवटी एक विनंती. टाळ्या वाजवू नका, त्या त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. सगळ्यांनी उजवा हात वर करा. मगनशेठ, तुम्हीसुद्धा. शरण आल्यासारखं वाटेल, वाटू द्या.

वहिनी, भाऊंना जरा इकडे बघायला सांगा.