गोजरची शेड

हॅलो? … हां, बोल मनस्वी, अनिताच बोलत्ये. … झालं गो जेवण. … कोण, संघरत्ना? तेच सांगायला मगाशी लावत होते, तुझा एंगेज.

अगो ऐक ना. आमच्या संस्थेच्या ऑफिसात तो हेडक्लार्क होता ना, वाल्मिक गोजर… हो, तोच, स्कूटरवाला. रेकॉर्ड रूमला एकच खिडकी, आणि यानं स्कूटरसाठी तिला लागून शेड ठोकली. खिडकी बंद. पावसाळ्यात आत नुसता कुबट वास. गावोगावचे जुने कागद, गठ्ठ्यांवर हिरवी-काळी बुरशी. संघरत्ना तेव्हा त्याच्या हाताखाली साधी क्लार्क, ती मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोलली, साहेब, शेड काढा, कागद कुजतायत. तर हा म्हणतो, "एवढी काळजी आहे तर तूच बस आत."

… बसवली की. वर्षानुवर्षं. … खोकला नाय गो, दमा. डॉक्टर म्हणाले, हवेतली बुरशी छातीत गेली. तिच्या गावी, वैशाखऱ्याला, भीमजयंतीचं गाणं तिच्याशिवाय सुरू व्हायचं नाय, ठाऊक आहे ना? आता दोन ओळी म्हटल्या की धाप लागते.

… हो, हो, बढतीची परीक्षा पास झाली. गोजरच्या वरची खुर्ची तिला मिळाली. आल्याआल्या ऑर्डर काढली, गोजर रेकॉर्ड रूममध्ये.

… तो? उठला, टेबलफॅन घेऊन आत गेला. आणि तिथंच तर… ऐक. कागद तपासायला मुंबईहून तज्ज्ञ आलेले, त्यांनी तिला बजावलेलं, आत पंखा लावू नका, बुरशी उडते, चांगल्या कागदांवर बसते, माणसाच्या छातीत जाते. तिला सगळं माहीत. आणि ती गप्प. पंख्याची घरघर तिच्या केबिनपर्यंत यायची, ती सह्या करत बसायची.

… बोलले ना मी. म्हटलं, ताई, कागदांसाठी तरी सांगा त्याला. म्हणाली, "मला कुणी सांगितलं होतं?"

… पडला ना आजारी. बायको आली, धोंडाबाई. यांना तिथून काढा म्हणून रडली. संघरत्नानं खुर्ची दिली, चहा मागवला, आणि म्हणाली, "घरी गेलात की त्यांना एक गाणं म्हणायला सांगा. पुरं म्हणता आलं, तर काढते." … हसली? नाय गो.

… गेला. रजेवर गेला, आता काय परत येत नाय. … कागद? धड होते तेही काळे पडले. आपल्या धसई गावचेही. पणज्याचं नाव होतं त्यांत, मी पाहिलेलं.

… शेड? ती काढली. तो गेला आणि दुसऱ्या दिवशी माणसं लावून उचकटली. … तेच विचारलं मी, आधी का नाय काढली, अधिकार होता की. तिनं सह्यांची फाईल पुढं ओढली.

… बरोबर की चूक ते तू ठरव, मला तिच्या हाताखाली काम करायचंय. … खरं सांगू? हवा चांगली येते आता. दुपारी मी तिथंच डबा खाते. … हो, त्याच खोलीत. … बरं, ठेवते.