हाव, जेवलो

...पण मलाच कामून उभं केलं, ते तर सांगा. सकाळी साडेनवाला बोलावलं, आता दीड वाजून राहिला, पोटात नुसता चहा. जिल्ह्याला दहा वर्षं झाली म्हणून कार्यक्रम, प्रमुख पाहुणे कुठं, तर टँकरच्या पाहणीला, अन् आमचे हेडमास्तर नागप्पा सर येऊन कानात सांगतात, "मन्मथ सर, पाहुणे येईस्तोवर तुम्ही बोला. तुम्ही फॉरेन रिटर्न." म्हणजे भाजी यायला उशीर झाला की पंगतीत मीठ वाढत फिरतात, तसा मी. बरं, विषय काय, तर 'जिल्ह्याची दहा वर्षे'. तुम्हाला सांगतो, त्या दहातली पहिली तीन मी इथं नव्हतोच. लातूर जिल्हा झाला म्हणून अहमदपूरच्या स्टँडवर गुलाल उडून राहिला होता, मी ट्रंक घेऊन एसटीची वाट बघत उभा, कुणीतरी मूठभर माझ्याच डोक्यावर टाकला. पार इथिओपियात उतरलो तरी कानातून गुलाल निघून राहिला. पासपोर्टावर जिल्हा उस्मानाबाद, कानात जिल्हा लातूर.

गेलो कामून? अहो, हौस नव्हती. दोन सालं पाऊस न्हाई, माणसं पोरंबाळं घेऊन कामाला गेलेली, वर्गात बाकं जास्ती अन् पोरं कमी. तुकडी तुटली, मी सरप्लस. त्यात पेपरात आलं, इथिओपिया सरकारला इंग्रजीचे मास्तर पाहिजेत. मुंबईला मुलाखत झाली. साहेब म्हणला, "एक्स्पीरियन्स?" म्हणलं, "एटीन इयर्स, सर." साहेब खूश. आता अठरा वर्षं इंग्रजी कोणत्या भाषेत शिकवलं, हे त्यानं विचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई, खरं म्हणजे माझ्याबी ध्यानात आलं न्हाई. तुम्ही सगळे माझ्याच हाताखालून गेलेत, आठवा की. द काऊ, गाय. गिव्ह्ज, देते. मिल्क, दूध. इंग्रजी येतं हो आपल्याला, पण मराठीतनं.

आमची बायको दानम्मा, उदगीरकडची, तिनं निघताना एकच विचारलं, "अवो, तिथं तुमचं बोलणं कुणाला कळंल?" म्हणलं, "अगं, इंग्रजी सगळ्या जगाला कळतं." बिचारीनं पदरानं डोळे पुसले.

तिथं डोंगरावरचं गाव. शाळेच्या हेडमास्तरानं सांगितलं, शाळा दोनला. मी जेवून, कपाळाला भस्म लावून, बरोबर दोनला हजर, तर शाळेला कुलूप. त्यांचं घड्याळ सूर्य उगवला की सुरू होतं, त्यांचे दोन म्हणजे आपले सकाळचे आठ. पहिल्याच दिवशी सहा तास लेट. दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो, बेचाळीस पोरं उभी राहिली. मी म्हणलं, "द काऊ." अन् थांबलो. वर्गबी थांबला. पुढचं तोंडातून आपोआपच निघालं, "गाय." पोरं लई गुणी हो, एका सुरात म्हणली, "द काऊ गाय." मी म्हणलं, "गिव्ह्ज, देते." तीबी म्हणली, "गिव्ह्ज देते." त्यांना वाटलं, इंग्रजी असंच असतंय. सहा महिन्यांत सगळी शाळा "द काऊ गाय गिव्ह्ज देते मिल्क दूध" करून राहिली. हेडमास्तर खिडकीतून ऐकायचा अन् म्हणायचा, "मिस्टर मन्मथ, इंडियन इंग्लिश इज व्हेरी लाँग." म्हणलं, "यस सर, बिग कंट्री."

हसू नका. खाण्याचे हाल न्हाई झाले. त्यांचं शिरो म्हणजे आपलं पिठलं, अन् पसरट आंबूस आंबोळी त्याच्याखाली. बुधवारी-शुक्रवारी त्यांचे उपास, मांस बंद, आम्हा लिंगायतांची चैन. हाल झाले ते कानाचे. तुम्हाला सांगतो, दानम्माचं पत्र यायला दीड महिना, अन् मधल्या काळात मराठीचा एक शब्द कानावर न्हाई. ओट्यावर बसून मी माझ्याशीच बोलायचो, "काय मन्मथ?" "काही न्हाई, बसलोय." माणूस स्वतःशी किती बोलणार?

मग मी लबाडी सुरू केली. जिथं एक शब्द पुरला असता तिथं चार घालायला लागलो. पोरांना शिकवलं, सकाळी सर आले की उभं राहून म्हणायचं, "हॅव यू ईटन, सर? सर, जेवलात का?" मी म्हणणार, "हाव, जेवलो. तुम्ही?" सगळ्यांनी म्हणायचं, "यस सर, हाव, जेवलो." पुस्तकातलं 'होय' न्हाई, आपल्या अहमदपूरचं 'हाव'. बेचाळीस तोंडातून ते आलं की मला स्टँडवर उतरल्यासारखं वाटायचं. सरकारनं मला इंग्रजीला बोलावलं होतं, अन् मी पोरांकडून माझ्या कानाची सोय करून घेत होतो.

पहिल्या बाकावर अल्माझ बसायची. बारा वर्षांची असंल. अल्माझ म्हणजे हिरा; आपल्याकडं मुसलमानाच्या गल्लीत अख्तरी असती तसं मला ते नाव घरचंच वाटायचं. तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्याला क्रूस, माझ्या गळ्यात लिंगाची डबी. पहिल्याच आठवड्यात तिनं दोन्हीकडं बोट दाखवलं अन् हसली, जमलं आमचं. सगळ्यात खणखणीत तिचाच आवाज. "सर, जेवलात का?" पोरीनं 'जेवले' म्हणायचं असतंय, हे शिकवायचं राहूनच गेलं. ती म्हणायची, "हाव, जेवलो."

दुसऱ्या साली तिथला पाऊस गेला. ते आभाळ मला ओळखू आलं हो. तसंच पांढरं, आपल्यासारखं. बैल दिसंनात, मग कोंबड्या दिसंनात. वर्गात मात्र रोज सकाळी, "सर, जेवलात का?" "हाव, जेवलो. तुम्ही?" "हाव, जेवलो." मी म्हणलं, चला, पोरांचं तरी बरं चाललंय.

अन् एक दिवस "हाव, जेवलो" म्हणून अल्माझ खाली बसली ती बाकावरून कलंडलीच. उचलली तर वजनच न्हाई पोरीला. हेडमास्तरानं तिला त्यांच्या भाषेत विचारलं अन् मला सांगितलं, "टू डेज, मिस्टर मन्मथ. नो फूड." दोन दिवस. त्या दोन्ही सकाळी मी विचारलं होतं अन् तिनं मला सांगितलं होतं, जेवलो म्हणून. दुसरं उत्तर मी शिकवलंच नव्हतं.

मला तरी कळायला पाहिजे होतं. आपल्याकडं जेवलात का विचारलं की उपाशी माणूसबी न्हाई म्हणतो का कधी? बहात्तरच्या दुष्काळात माझा पगार थकलेला, आमची आई खडी फोडायच्या कामावर जायची, तिथं मिळालेली सुकडी पदरात बांधून आणायची अन् माझ्यापुढं ठेवायची. मी विचारायचो, "आई, तू?" ती म्हणायची, "हाव, जेवले मी." मी मास्तर झालेला माणूस, अन् खायचो. मीठमिरची आपण गावाकडून नेतो, तसा मी तो शब्द नेला अन् त्या लेकरांच्या तोंडात घातला.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं, नो सर, आय हॅव नॉट ईटन. न्हाई, न्हाई जेवलो. "म्हणा." कुणी म्हणेना. "अरे, म्हणा की रे." सगळे पायाकडं बघून राहिले. अल्माझ उभी राहिली अन् हळूच म्हणली, "सर... हाव, जेवलो." मी फळा पुसला. घरून होतं तेवढं आणून वाटलं, पण एका मास्तरची आंबोळी, बेचाळीस तुकड्यात किती येणार? पुढं बेचाळीसची तीस झाली, तिसची अकरा. धान्य वाटतात तिकडं घरंच्या घरं पायी निघाली.

ती निघाली त्या सकाळी माझ्या दारात आली. मी दिलेलं पुस्तक फडक्यात बांधून परत आणलेलं. म्हणलं, "राहू दे तुला." तिनं पुस्तक छातीशी धरलं, अन् सवयीनं विचारलं, "सर, जेवलात का?" मी म्हणलं, "हाव." खोटं न्हाई. खरंच जेवलो होतो, ताट तिथंच पडलेलं होतं. तेवढी लाज मला जन्मात वाटली न्हाई. पुढं तिचं काय झालं ते विचारू नका, मला ठाऊक न्हाई.

करार संपला, आलो परत. जिल्हा नवा, पाटी नवी, टँकर जुनेच. तेव्हापासून दर जूनला पाचवीच्या पोरांना मी पहिलं वाक्य तेच शिकवतो, नो सर, आय हॅव नॉट ईटन. तुम्हालाबी शिकवलं, सगळ्यांना पाठ हाय. सात वर्षं झाली. यंदाबी वर्गात डोळे खोल गेलेली पोरं बसतात, मी रोज विचारतो, अन् एकबी पोरगं ते वाक्य वापरत न्हाई. इंग्रजी येतं हो त्यांना. पण मराठीतनं.

काय? पाहुणे आले? न्हाई? संध्याकाळी येतेत? मग माझं... कोण बोललं ते? आपल्या श्रीमंत शिपायाची पोरगी का? काय विचारलंस बाळ?

हाव, हाव, जेवलो. बस तू खाली.